बर्फातल्या पोराचं पुढे काय झालं?

उणे चाळीसमध्ये कान उघडे टाकून फिरणारा माणूस एकतर प्रेमात असतो नाहीतर बाहेरगावचा, असं लोर्नाचं ठाम मत होतं. गॅरेजच्या दारात उभा असलेला हा दुसऱ्या प्रकारचा दिसत होता.

“गाडी बंद पडली,” तो म्हणाला.

“इंजिन गोठू नये म्हणून रात्री हीटर लावून ठेवला होतात?”

“इंजिनाला... हीटर असतो?”

लोर्नाने पान्हा खाली ठेवला. “तुम्हाला अलास्कात पाठवलं कोणी?”

“शाळेने. मी ग्रेडी. टेसाला वाचन शिकवायचंय. ती इथेच राहते ना?”

टेसा म्हणजे लोर्नाची भाची, सातवीतली. शाळेने तिला वाचनात ढ ठरवून टाकलं होतं. सशांसाठी एकटीने फासे लावणाऱ्या पोरीला ढ म्हणायला हिंमत लागते, किंवा अक्कल कमी लागते. लोर्नाने मास्तरकडेही त्याच रागाने पाहिलं.

ग्रेडीने टेसाला समोर बसवून पिशवीतून कादंबरी काढली. वादळात वाट चुकलेल्या, बर्फाळ रानात एकट्या पडलेल्या मुलाची. टेसाने दोन पानं अडखळत वाचली आणि पुस्तक मिटलं.

“मूर्ख आहे हा! वाट चुकल्यावर कोणी चालत सुटतं? एका जागी थांबायचं असतं.”

दुसऱ्या कुणी डोळे वटारले असते. ग्रेडी उत्सुकतेने पुढे सरकला. “खरंच? मग तो अजून काय काय चुकतो ते शोध ना. मला तर एकही चूक कळणार नाही.”

आणि पोरगी वाचायला लागली! चुका पकडायच्या तर ओळ गाळून कसं चालेल? रोज दुपारी गॅरेजमधल्या शेगडीपाशी एक पान ग्रेडी वाचायचा, एक टेसा. आणि गाडीखाली आडवी पडलेली लोर्ना ऐकायची. एकदा तर ती तिथूनच ओरडली, “अगं, ओले मोजे काढ म्हणावं त्याला आधी!”

ग्रेडी वाकला. “तुम्ही गाडी दुरुस्त करताय ना?”

“हात कामात आहेत. कान रिकामे आहेत.”

“कान छान आहेत,” तो म्हणाला, आणि स्वतःच गडबडला. “म्हणजे... ऐकण्याच्या दृष्टीने.”

टेसाला खोटा खोकला आला. लोर्नाच्या हातून त्या दिवशी पान्हा दोनदा निसटला. आपल्याकडे बघताना या माणसाची ओळ का चुकते? बर्फातल्या पोरापेक्षा हाच प्रश्न तिला जास्त छळू लागला.

मग टेसाने घोटाळा केला. पोरगा गोठलेल्या नदीच्या काठावर पोचला होता, पलीकडे धूर दिसत होता... आणि तिला दम निघेना. शनिवारी सकाळी बसून उरलेलं पुस्तक तिने एकटीने वाचून संपवलं. आयुष्यातलं पहिलं! लोर्नाने तिला घट्ट कवटाळलं, आणि लगेच तिची मिठी सैल झाली. पुस्तक संपलं, म्हणजे मास्तरचं इथलं काम संपलं.

सोमवारी ग्रेडी पुस्तक न्यायला आला. टेसा स्केटिंगला गेली होती.

“तो नदी ओलांडतो का?” लोर्नाने पाठमोरीच विचारलं.

“टेसाने नाही सांगितलं?”

“म्हणाली, मावशी, स्वतः वाच.”

“मग? पुस्तक तर इथेच होतं.”

“उघडलं होतं.” ती वळली. गालावर ग्रीसचा पट्टा. मनातलं फटकन तोंडावर मारणारी ही बाई आज शब्द चाचपत होती. “चार ओळी वाचल्या. नाही जमलं... त्यात तुमचा आवाज नाही.”

शेगडीतलं लाकूड तडतडलं. ग्रेडीने काढलेले हातमोजे पुन्हा घातले, पुन्हा काढले.

“मी शाळेत सांगायचो, टेसासाठी जातो,” तो हळूच म्हणाला. “त्यांना पटायचं. मला नाही पटायचं.”

लोर्ना त्याच्या शेजारी येऊन बसली — खांद्याला खांदा लागेल इतकी. त्याने पान शोधलं, घसा साफ केला. “त्याने बर्फावर पहिला पाय ठेवला—”

“थांब.”

“आता काय चुकलं त्याचं?”

“त्याचं काही नाही. तू सावकाश वाच... मला शेवट आज नकोय.”