कुठलं बी?

उत्तर : सगळं ठीक आहे.

हे उत्तर कागदाच्या एका अरुंद पट्टीवर छापलेलं होतं, आणि अकरा वर्षांची निहिरा शेडगे ती पट्टी उलटसुलट करून बघत होती. उत्तर मिळालं होतं, मग प्रश्न अजून घरात का हिंडत होता? आत्ताच तो दाराची चौकट धरून उभा होता आणि चप्पल पायात आहे की निसटली, हे खाली वाकून बघत होता.

तो प्रश्न म्हणजे निहिराची आई.

थोडं मागे जाऊ. साल २०६१. साताऱ्याच्या पश्चिमेला भैरोबाचं पठार आणि पठारावर बासष्ट पवनचक्क्या, एकेक एकशेचाळीस मीटर उंच. पाती पुसायला आणि तेल घालायला कोळ्यांसारखे चढणारे रोबो होते. पण पात्याच्या पोटात बारीक चीर गेली, तर ती दिसत नाही. ती ऐकावी लागते. बोटाच्या पेराने पातं वाजवायचं. धड पातं 'टण्' म्हणतं, चिरलेलं 'थप' म्हणतं. श्रावणी शेडगे हे काम बावीस वर्षं करत होती. पठारावर चक्की चढलेली ती पहिली बाई. तीन रोबोंनी पास केलेल्या सतराव्या चक्कीत तिने चीर शोधून काढली, तेव्हा निहिराने ती हकिगत शाळेत इतक्यांदा सांगितली की बाई शेवटी म्हणाल्या, "पुरे गं, सतरा नंबर आम्हालाही पाठ झाला."

अशी ही आई तोलपरीक्षेत नापास झाली.

पंचेचाळिशीनंतर चढाईचा परवाना दरवर्षी नवा करावा लागे. पाय जुळवून, डोळे मिटून तीस सेकंद उभं राहायचं, एवढीच परीक्षा. सत्तेचाळीस वर्षांची आई अकराव्या सेकंदाला झुकली. परीक्षकांनी बारा आठवड्यांनी आणखी एक संधी दिली. तेव्हाही जमलं नाही, तर चढणं कायमचं बंद. मग खाली नियंत्रणकक्षात पडद्यासमोर बसायचं.

"दुसऱ्यानं वाजवलेलं मी खाली बसून ऐकू?" आई म्हणाली. "त्यापेक्षा मला भैरोबासमोर घंटा म्हणून टांगा."

आणि तिने डब्या आणल्या. एक हाडांची, एक केसांची, एक नजरेची, एक कांतीची. जाहिरातीतली गुळगुळीत बाई रोज नवी डबी दाखवायची आणि पुढच्या आठवड्यात ती घरी यायची. तीन आठवड्यांत नऊ झाल्या. आई रोज अकरा गोळ्या आणि एक पुडी घेऊ लागली, आणि तिच्या बोटांना काही महिन्यांपासून येणाऱ्या मुंग्या मात्र वाढल्याच.

म्हणून ती आरोग्यकेंद्रात गेली. तिथे मापारी होता. धान्याच्या बाजारात माप घालून देणाऱ्याला पूर्वी मापारी म्हणत. गावाने केंद्रातल्या यंत्रमानवाला तेच नाव दिलं, कारण तो रक्ताचं माप घालायचा.

"जीवनसत्त्वं (शरीराला अगदी थोडी लागणारी, पण नसली तर काम अडवणारी अन्नातली द्रव्यं) घेता का?" त्याने विचारलं. तो कंसही वाचून दाखवायचा.

"घेते की. ए, बी, सी, डी, सगळी."

मापारीने थेंब घेतला, काही कमी आहे का एवढंच पाहिलं आणि पट्टी छापली. सगळं ठीक आहे.

आता हे पुस्तक जरा खाली ठेवा. शेजारी मोठं माणूस असू द्या. पाय जुळवा, डोळे मिटा, वीस सेकंद उभे राहा.

(

 

)

आलात परत? किंचित डुलला असाल, पण पडला नाहीत. मिटल्या डोळ्यांच्या अंधारात तुमचे पाय कुठे आहेत, हे तुम्हाला कोणी सांगितलं? पायांनीच. तळव्यांतून, घोट्यांतून, गुडघ्यांतून सतत बातम्या निघतात आणि मज्जातंतूंवरून (शरीरातल्या संदेशवाहक तारांवरून) मेंदूकडे जातात. या जाणिवेला स्वस्थानसंवेदना म्हणतात (न बघता आपले हातपाय कुठे आहेत हे कळणं).

निहिराने हाच प्रयोग आईवर केला. डोळे उघडे असताना आई खांबासारखी उभी राहिली. डोळे मिटले आणि नवव्या सेकंदाला निहिराला तिला धरावं लागलं. आधी अकरा, आता नऊ.

"आई, तुझे पाय चांगले आहेत," ती म्हणाली. "त्यांची बातमी वर पोचत नाहीये. डोळे उघडे असले की तू बघून भागवतेस."

आईने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. चक्कीच्या नळीसारख्या पोकळ खांबात शिडी चढताना पायरीकडे बघायला कोणाला सवड असते?

निहिराने सगळ्या डब्या पिशवीत भरल्या आणि आईला घेऊन केंद्र गाठलं.

"माझं माप चुकत नाही," मापारी म्हणाला.

"मग आई झुकते का?"

"ते माझ्या मापात बसत नाही."

"म्हणजे तुझं माप लहान आहे."

मापारीच्या कपाळावरचा दिवा एकदा मिचमिचला. निहिराने पिशवी त्याच्यापुढे रिकामी केली. तो एकेक डबी उचलून वाचू लागला. पुडी दिसताच थांबला.

"ही डीची पुडी आठवड्याला एक घ्यायची असते."

"मी रोज घेते. आठवड्याला एकानं काय होतंय?"

"आजपासून बंद!" मापारीचा आवाज चढला. "डी हे स्निग्धविद्राव्य (चरबीत विरघळणारं) आहे. जास्तीचं शरीरातच साठतं आणि त्रास देतं. सी आणि बी ही जलविद्राव्य (पाण्यात विरघळणारी). त्यांचं जास्तीचं बहुतेक लघवीवाटे जातं."

"म्हणजे काही पाहुणे जेवून जातात, काही मुक्काम ठोकतात," आई म्हणाली.

"आणि बी घेता म्हणालात. कुठलं बी?"

"कुठलं बी म्हणजे? कुठलं बी चालतंय की!"

"नाही. कुठलं बी?"

"अरे बाबा, तेच सांगतेय. कुठलं बी!"

निहिरा हसून हसून खाली बसली. "मापारी, तू अक्षर विचारतोयस. आमच्याकडे 'कुठलं बी' म्हणजे कुठलंही!"

हा नवा अर्थ नोंदवून घ्यायला मापारीला दोन सेकंद लागले. त्याच्यासाठी हा फार मोठा काळ होता.

"कुठलंही चालत नाही," तो सावकाश म्हणाला. "बी एक नाही, आठ आहेत. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, नऊ आणि बारा."

"चार आणि आठ कुठे गेले?"

"काही द्रव्यांना आधी जीवनसत्त्व समजून क्रमांक दिले. नंतर कळलं की ती जीवनसत्त्वं नव्हेत. नावं गळली, बाकीच्यांचे क्रमांक तसेच राहिले."

"हजेरीपटासारखं! शाळा सोडून गेलेल्यांची जागा रिकामी."

"आठांची कामं वेगळी आहेत. एकाचं काम दुसरं करत नाही. यांतलं तुमच्याकडे कुठलं आहे, ते..." त्याने केसांची डबी दिव्याजवळ धरली. "बी-सात. बायोटिन. दिवसाच्या गरजेच्या तीनशेपटीहून जास्त."

मग तो कधी नव्हे ते खुर्चीत बसला.

"मी चुकलो आहे," तो म्हणाला.

झालं होतं असं. मापारीच्या पोटातल्या बी-बाराच्या चाचणीत रसायनाचे बारीक हूक असतात आणि ते अडकवायला खाचा असतात. हुकांच्या टोकाला बायोटिनच चिकटवलेलं असतं, कारण ते खाचेत घट्ट बसतं. खाचेत बसलेले हूक उजळतात. ज्या रक्तात बी-बारा जास्त, त्यात ते हुकांवरच्या चमकत्या कणांची जागा घेतं आणि उजेड कमी पडतो, आणि कमी उजेड बघून मापारी म्हणतो, बी-बारा भरपूर. पण आईच्या रक्तात बायोटिनचाच पूर आला होता. त्या सुट्या बायोटिनने खाचा आधीच बळकावल्या. हूक अडकले नाहीत, उजेड पडला नाही, आणि मापारी फसला.

"राखीव खुर्च्यांवर दुसरीच मंडळी येऊन बसली," निहिरा म्हणाली.

त्याच्या छातीतून एक नवी पट्टी बाहेर आली :

*आधीचे माप रद्द. मापारी दिलगीर आहे. केसांची गोळी बंद. तीन दिवसांनी पुन्हा यावे.*

तीन दिवसांनी आणखी एक आली :

*डी : फार जास्त. बी-१२ : फार कमी.*

या वेळी पट्टी केंद्राच्या डॉक्टरांनी, रुबीना मुल्ला यांनी, स्वतः वाचली आणि आईला समोर बसवलं.

"श्रावणीताई, तारेवरचं आवरण उडालं तर काय होतं?"

"वीज गळते. काम बिघडतं," आई म्हणाली. हा तिच्या घरचा विषय होता.

"मज्जातंतूवरही आवरण असतं, मज्जावरण (तंतूभोवतीचं स्निग्ध वेष्टण). ते धड ठेवायला बी-बारा लागतं. ते दूध, दही, अंडी, मासे यांतून येतं. तुम्ही काय खाता?"

"अंडं आमच्यात नाही. दूध-दही वजनासाठी सोडलं, चारेक वर्षं झाली. आणि पित्ताची गोळी रोज सकाळी."

"आता बघा. अन्नातलं बी-बारा सुटं करायला पोटातलं आम्ल लागतं. वय वाढतं तसं काहीजणांचं ते कमी होतं, आणि पित्ताची गोळी ते आणखी कमी करते. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून इतके दिवस कळलं नाही. तो आता सरला."

"मग नवांत दहावी डबी घालू?"

"आई!" निहिरा उभीच राहिली. "परीक्षेत पुरवणी कधी मागतात? मुख्य पेपर भरला आणि काही लिहायचं उरलं, की. तू दूध-दह्याचा पेपर कोरा ठेवलास आणि नऊ पुरवण्या जोडल्यास. त्यातही, आलेला प्रश्न एकीतही सोडवला नाहीस!"

डॉक्टर मुल्लांनी टेबलावर थाप मारली. "हिला मी केंद्रात ठेवून घेते! खरंय, पूरक गोळी म्हणजे पुरवणीच. आधी मोजायचं, काय कमी आहे ते बघायचं, आणि तेवढंच पुरवायचं." मग त्यांचा आवाज खाली आला. "आपण इंजेक्शनं सुरू करू. पित्ताच्या गोळीचं मी बघते, ती आपल्या मनाने सोडू नका. पण आवरण लवकर भरलं तर भरतं. उशीर झाला असेल, तर थोडं नुकसान राहूनही जातं. मी वचन देत नाही."

परीक्षेला साडेआठ आठवडे होते. घरातल्या नऊ डब्या गेल्या, केंद्रात इंजेक्शनं सुरू झाली आणि दह्याची वाटी परत आली. दर रविवारी निहिरा मोजायची.

नऊ.

नऊ.

आठ. (त्या दिवशी आई जेवली नाही.)

तेरा.

बारा.

एकोणीस.

चोवीस. बोटांच्या मुंग्या गेल्या होत्या.

सत्तावीस.

तीस कधीच झाले नाहीत, आणि परीक्षेचा दिवस आला.

परीक्षागृहाला मोठी काच होती. काचेपलीकडे पठारावरचे सगळे चढणारे काम सोडून उभे होते. आईने बूट काढले, पाय जुळवले, डोळे मिटले. परीक्षकांनी घड्याळ लावलं. निहिरा पुटपुटत मोजू लागली.

बाविसाव्या सेकंदाला आई डावीकडे झुकली. पण आईच्या डाव्या पायाची बोटं जमिनीवर घट्ट दाबली गेली आणि ती आपली आपण सरळ झाली. न बघता! पायाने बातमी दिली होती, आणि ती वेळेवर पोचली होती.

अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

"झालं, श्रावणीताई. पास! उघडा डोळे," परीक्षक म्हणाले.

आईने डोळे उघडले नाहीत.

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "इतक्या दिवसांनी पाय बोलतायत. ऐकू द्या."

निहिराची मान अशी काही ताठ झाली की जणू चक्की तीच चढून आली होती. ती आता मोठ्याने मोजू लागली. पस्तीस. छत्तीस. काचेपलीकडे काहीतरी हलल्यासारखं वाटलं म्हणून तिने वळून पाहिलं. चढणाऱ्यांतले चाळिशीपुढचे सगळे एकेक करून पाय जुळवत होते, डोळे मिटत होते. दाराशी उभे असलेले तांबेकाका तर लगेच कलले आणि त्यांनी चौकट पकडली.

"तांबेकाका, उद्या मापारीकडे चला," निहिरा म्हणाली.

"मला काय झालंय गं?"

"ते मोजल्यावर कळेल," ती म्हणाली आणि आकडा चुकू न देता पुढे मोजत राहिली. "अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न..."