कडेबाहेरचं अक्षर

हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलं. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण मधे बोलायचं नाही.

साडू बिघडलेल्या हार्ड डिस्क दुरुस्त करतो. मागच्या नोव्हेंबरात, नऊ तारखेच्या संध्याकाळी, एक बाई डिस्क घेऊन आली. नवरा महिन्यापूर्वी गेलेला. त्यानं लेकीला लिहिलेलं शेवटचं पत्र त्या डिस्कवर होतं, दुसरीकडे कुठेच नाही.

"सकाळपर्यंत देतो, ताई," साडू म्हणाला.

"सांभाळून हं. ह्यांना कडेला थांबायची सवयच नव्हती. कागद संपला तरी टेबलावर लिहीत राहायचे."

साडू हसला. पावतीची प्रत फाडून मशीनजवळ ठेवली.

आता ऐका. डिस्क तपासायच्या त्याच्या प्रोग्रॅममध्ये एक खोट होती. डिस्कच्या नावाला सोळा अक्षरांची जागा, पण नाव लांबलं तर प्रोग्रॅम मोजायचाच नाही. उरलेली अक्षरं मशीनच्या आठवणीत, म्हणजे मेमरीत, शेजारच्या जागेवर चढायची, तिथलं पुसून. 'नवा प्रोग्रॅम टाकल्याशिवाय अनोळखी डिस्क जोडू नका' ही सूचना चार दिवस पडून होती. पण आमचा साडू म्हणजे आळशांचा राजा. म्हणाला, एका डिस्कनं काय होतंय?

सव्वा अकराला त्यानं ती जोडली.

नाव उमटू लागलं. सोळा अक्षरं झाली. वीस. चाळीस... चौकट ओलांडून पुढेच. आणि ते नाव नव्हतंच. 'बाळा, तुला सांगायचं राहिलं की...'

त्यानं डिस्कची वायर उपटली. अक्षरं थांबेनात. मशीनचा प्लग काढला. पडदा काळा.

शांत...

मग खरखर. पेन्सिल चालावी तशी. टेबलावर.

साडू घाबरला. शटरही न ओढता पळाला.

सकाळी डिस्क कोरी निघाली. बाईला काय तोंड दाखवायचं? पण ती आली ती टेबलाकडेच बघत राहिली. पावतीवर पेन्सिलीनं पत्र उतरलं होतं, आणि कागद संपल्यावर पुढे लाकडावर. तिनं बोट फिरवत एकेक शब्द वाचला. "ह्यांचंच अक्षर," म्हणाली, आणि रडली. लेकीसाठी सगळं उतरवून घेतलं. फक्त शेवटचं वाक्य अर्धं होतं.

साडूला ते टेबल नको झालं. मी आणलं. तुम्ही कोपरं टेकून बसलाय, हेच ते.

टेबलावरची चादर उचल रे, धाकट्या. काल रात्री ती अर्धी ओळ कडेपासून चार बोटं लांब होती. मी स्वतः मोजली.

बघ... आज कडेला टेकलीय. तुझ्या बाजूच्या.