भाग्याचे सतरा शब्द

वेळ सुरू.

नाही, आधी हे. आपल्याच मुलांची वाचनचाचणी शिक्षिकेने घ्यायची नाही, असा नियम. म्हणून शिक्षण ऑफिसने परीक्षक पाठवला होता. मी समोर बसून दुसऱ्या कागदावर खुणा करायच्या, तोंड मिटून. खुर्ची ओढताना पुटपुटले, "बावीस मुलं, देवा..."

"एकवीस. एक गैरहजर," तो म्हणाला. मराठीत! कानडी मुलखातल्या कुवेंपुनगरच्या या शाळेत सहा महिन्यांत पहिल्यांदाच कुणी.

"नाव?"

"भुजंगराव. आजोबांचं आहे, मी साधाच आहे. तुम्ही?"

"तुळसी."

वेळ सुरू. एक मूल, एक मिनिट. आवाज जुळवत इंग्रजी शब्द वाचायचे. वीस आले की पास. पंधरा मुलं पास झाली तर मी इथेच. नाहीतर बदली, बैलकुप्प्याला. नापास मुलांना वर्षभर दुसरी मिस जवळ बसवून शिकवणार.

दुपारपर्यंत चौदा पास. डोळे शिणलेले, पाठ मोडलेली. उरली फक्त भाग्या. शब्दाखाली बोट, एकेक आवाज, जिना चढावा तसा... मध्येच थांबून श्वास.

ती गेली. कागद जुळवले. माझे सतरा. त्याचे एकवीस.

"साठ सेकंदांना घड्याळ थांबवलं नाहीत तुम्ही."

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

"सुम्ने... उगाच, खिडकीत."

"खिडकी माझ्या मागे आहे."

तो कागद नीट करत राहिला. मग हळूच —

"बैलकुप्पे लांब आहे हो, मिस. ऐंशी किलोमीटर."

"भाग्या पास झाली, की तिला जवळ बसवून कुणी शिकवणार नाही. पुढच्या वर्षी नुसती मागच्या बाकावर."

पंखा गरम हवा फिरवत होता. असू दे एकवीस, असं मला खरंच वाटलं. इतकी दमले होते, की खोटंही चाललं असतं.

"सतरा लिहा."

त्याने लिहिलं. खाली शेराही: घड्याळ वेळेवर थांबवलं नाही, चूक परीक्षकाची.

"हे कशाला? या शाळेत परत पाठवणार नाहीत तुम्हाला."

"साकु, पुरे झालं. तुम्ही इथे नसाल, तर येऊन काय करू?"

मी कागदांना टाचणी लावली.

"रविवारी स्कूटरने येईन. बैलकुप्प्याला."

"रविवारी मी झोपते."

"झोपा की. मी बाहेर बसेन."

कितीतरी महिन्यांत मला कुणी 'झोपा' म्हणालं नव्हतं. मी डोकं टेबलावर टेकलं, डोळे मिटले.

"दहानंतर या," म्हणाले.