शूशन नावाची हाक

हृषिकेश गेला होता तो पाळणा आणायला. एवढंच काम, दुसरं काही नाही.

माझा सख्खा भाचा तो. इंगोलश्टाटला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. मुलगी झाली होती, निधी, जेमतेम तीन महिन्यांची. ऊर्मिलाला लाकडी पाळण्याचा भारी सोस. कुठेतरी जाहिरात दिसली: जुना पाळणा, फुकट, येऊन घेऊन जा. आल्टम्यूल नदीकाठचं खेडं. टोटेनझोन्टागच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. म्हणजे इथल्यांची सर्वपित्रीच म्हणा, दुसऱ्या दिवशी सगळे थडग्यांवर दिवे लावतात. आणि नोव्हेंबरात चहाच्या वेळेलाच कसा काळोख होतो ते तुम्हाला काय सांगायचं. अन्वी, तो पडदा ओढ बघू.

दार उघडलं फ्राऊ केर्ननं. पंच्याऐंशीच्या पुढची बाई, घरात एकटीच. पाळणा दाराशीच काढून ठेवलेला. उशाकडच्या फळीवर अक्षरं कोरलेली होती. हृषिकेशनं सहज मोठ्यानं वाचली. "शूशन?"

म्हातारीनं भिंतीचा आधार घेतला.

"हे नाव या घरात कोणी घेत नाही," ती म्हणाली.

"माफ करा. कुणाचं आहे?"

"माझ्या धाकट्या बहिणीचं."

मग ती सांगत बसली. वडील गावचे पाद्री. बायबलात एस्तेर राणीची कथा आहे, ती घडते इराणच्या बादशहाच्या राजधानीत, शूशन नगरीत. बाकीचं जग त्या शहराला सूसा म्हणतं. हिब्रूत शूशन म्हणजे लिलीचं फूल. वडिलांना ते नाव इतकं आवडायचं की मुलीला तेच ठेवलं. पण काळ नाझींचा. ज्यूंच्या भाषेतलं नाव लिहून घ्यायला नोंदणीचा कारकून तयार होईना. मग कागदावर सुझान्ने लागलं आणि घरात शूशन राहिलं. पोर ओ द्यायची ती शूशनलाच.

चार वर्षांची असताना एका संध्याकाळी ती नदीकडे गेली. वडील लढाईवर. सगळा गाव कंदील घेऊन शोधायला बाहेर पडला, पण पोर सापडली नाही.

"चारचौघांत ते नाव घ्यायची आईला भीती वाटली," फ्राऊ केर्न म्हणाली. "ती सुझान्ने, सुझान्ने असंच ओरडत राहिली. मीही तसंच ओरडले. शूशन म्हणून कोणी हाक मारलीच नाही... आज तुम्ही मारलीत."

हृषिकेशनं पाळणा डिकीत चढवला आणि निघाला.

गाव मागे पडलं, नदीकाठचा रस्ता लागला आणि गाडी पिंग-पिंग करायला लागली. मागच्या सीटवरचा पट्टा लावलेला नाही. आता तो इशारा कधी येतो हे त्याला कोणी शिकवायला नको, त्याचं पोटच त्यावर. सीटवर कोणी बसलं, तरच.

त्यानं गाडी कडेला घेतली. मागे वळून पाहिलं. सीट रिकामी. हात लावून पाहिला...

ओली. बर्फासारखी गार.

धुकं असेल, असं मनाला सांगत तो पुन्हा निघाला.

पिंग. पिंग. पिंग.

मग... खट्.

पट्टा लागला. गाडी गप्प झाली.

त्यानं आरशात पाहिलं नाही. मला म्हणाला, "मामा, पाहिलं असतं तर मीही नदीतच गेलो असतो." डोळ्यांपुढे एकच. घरी निधी झोपलीय. आणि मी हे घेऊन कुठे चाललोय?

त्यानं गाडी वळवली.

म्हातारी अजून उंबऱ्यातच उभी होती. अंगात कोटसुद्धा नाही. त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं, आणि तोंडून मराठीच आलं. "उतर, बाळा. घर आलं."

काही नाही.

"तुम्ही बोलवा," तो म्हातारीला म्हणाला. "तिच्या नावानं बोलवा."

तिचे ओठ हलले. "शू..." आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ती ओरडली, "शूशन! शूशन, घरी ये गं!"

खट्.

पट्टा सुटून सर्रकन मागे गेला.

फ्राऊ केर्ननं हात खाली केला. रस्ता ओलांडताना आपण पोराचा धरायला करतो ना, तसा. बोटं मिटली. ती आत गेली... दार लागलं.

पाळणा त्यानं पायरीवरच ठेवला आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी कबरस्तानात जायला शेजारीण बोलवायला आली, तर म्हातारी पलंगावर शांत पडलेली. गेली होती. पायरीवरच्या पाळण्याचं काय करायचं, हे विचारायला शेजारणीनंच हृषिकेशला फोन केला, तेव्हा कळलं. ऊर्मिलाचे डोळे भरून आले. "सुटल्या रे बिचाऱ्या दोघी," ती म्हणाली.

उंड दान? म्हणजे पुढे काय ना, वेदांग? सांगतो.

सोमवारी निधीला डॉक्टरकडे न्यायचं होतं. हृषिकेशनं गाडी उघडली. शनिवारपासून ती बंदच होती, किल्ली त्याच्याच खिशात. तो निधीची खुर्ची बसवायला मागे वाकला, आणि तसाच थांबला.

ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर चिखल. मुलं मागे बसल्या बसल्या लाथा झाडतात, तसे अनवाणी पायांचे ठसे. काळा, नदीचा चिखल. अजून ओला.

एक जोडी एवढीशी.

आणि शेजारी दुसरी... तिच्याहून जराशी मोठी.