शिवेवरची पेटी

थांब रे पंडित. ती बाहुली शेकोटीत टाकू नको. चिंध्यांची असू दे, एक हात तुटलेला असू दे. तुझ्या पोरीची आहे ना? मग तिला विचारलंस का? ती पाचटाच्या कोपीत झोपली आहे, तर सकाळी विचार. ठेव बाजूला. आणि तुम्ही हसताय काय बे? उसाच्या मोळ्या बांधून झाल्यात, ट्रॅक्टर यायला दोन तास आहेत, बसा गुमान. थांबवलं का, ते सांगतो. ज्याच्यावर ही गोष्ट गुदरली तो सटवा माझा मेहुणा लागतो. पदरचं काही घालत असेन तर माझी जीभ झडो.

सटवा तेव्हा गावच्या दूध संस्थेचा टेम्पो चालवायचा. शिरूर कासारच्या अलीकडं आमचं गाव. साल दोन हजार पंधरा. पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, निम्मी जनावरं छावणीत होती. टेम्पोत चाळीस कॅन, आणि दूध सहा कॅनांत. बाकीचे नुसते खडखडायचे. तरी रोज रात्री शीतकरण केंद्रावर फेरी व्हायचीच. दसऱ्याचा दुसरा दिवस होता, शुक्रवार. रात्री साडेआठला सटवा निघाला, तर आमच्याच गावच्या गहिनीनाथनं दारातून हात केला.

ऊसतोडीचा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. गहिनीनाथ आणि छबुबाई बारा वर्षं एक कोयता म्हणून जात होते. त्या वर्षी गहिनीनाथनं मुकादमाला सांगितलं, "औंदा दीड धरा." हा अर्धा म्हणजे त्याचा पोरगा उत्तरेश्वर. सतरा वर्षांचा, दिंद्रुडला मामाकडं राहून अकरावी शिकणारा. पोराला कुणी विचारलं नव्हतं. अर्ध्याला कोण विचारतं!

गहिनीनाथनं एक पत्र्याची पेटी आणून टेम्पोत आदळली. आत पुस्तकं, वह्या, शाळेचा निळा शर्ट आणि भाषणात मिळालेला एक पितळी कप.

"जाता जाता एवढं शिवंवर टाकून दे."

"कुणाचं हाय?"

"उत्तऱ्याचं. पुस्तकं ऱ्हायली की पोरगं माघारी बघतंय. काईच ऱ्हायलं न्हाई म्हंजे येतंय गुमान फडात."

"त्याला इचारलं का?"

"बापानं पोराला इचारायचं? कावून?"

छबुबाई चौकटीला टेकून उभी होती. पदराचं टोक दातात. ती काही बोलली नाही. त्या माउलीचं ते न बोलणं मला अजून खुपतं.

आता शीव म्हणजे काय, ते आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. माणूस गेलं की त्याचं अंथरूण, त्याचे कपडे शिवेवरच्या लिंबाखाली नेऊन टाकतात. टाकणारा मागं वळून बघत नाही. जित्या माणसाचं चिंधूकही तिथं जात नाही. पण गहिनीनाथ रागात होता, त्याच्या तोंडून शब्द निघून गेला. आणि सटवा घाईत होता. त्यानं पेटी लिंबाखाली ठेवली, टेम्पोला गिअर टाकला आणि गेला. दोन शहाणे आणि अक्कल गहाण!

परत यायला साडेबारा झाले. चांदणं टिपूर होतं. शिवेजवळ आल्यावर त्याला पेटी उघडी दिसली.

पेटीपाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं.

अंगात निळा शर्ट. सटवाला वाटलं, उत्तऱ्या आला वाटतं दिंद्रुडहून. त्यानं टेम्पो थांबवला. खिडकीतून हाक मारली, "उत्तऱ्या? तूच का?"

तो उठून उभा राहिला. शर्टाची बटणं सटवाच्या बाजूला होती. म्हणजे तोंडही इकडंच असणार. पण तोंड नव्हतं. डोक्याची मागची बाजू होती… शर्ट उलटा घातला होता.

"कुणाचं सामान हाय हे?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"उत्तरेश्वरचं… गहिनीनाथच्या पोराचं."

"कधी मेला?"

"मेला न्हाई. जिता हाय."

वारा नाही. रातकिडा नाही.

"मग हितं कसं?"

सटवानं खिडकीची काच वर ओढायला घेतली.

"जित्याचं मला नगं. ने माघारी."

सटवा मला रडून सांगतो, "दाजी, तवा मी खाली उतरून पेटी उचलाया पायजे हुती." पण उतरायला पाय पाहिजेत ना? त्यानं टेम्पो दामटला. कॅन एकमेकांवर आपटत होते. थेट गहिनीनाथच्या दारात येऊन ब्रेक मारला.

घरात आरडाओरडा चालला होता. उत्तरेश्वर खरंच आला होता! शेवटच्या एसटीनं, दुसऱ्या वाटेनं. आल्या आल्या त्यानं त्याचा कोपरा रिकामा बघितला होता. तेव्हापासून तो एकच विचारत होता, "माझी पेटी कुटं हाय?" आणि बाप उत्तर म्हणून पट्टा चालवत होता. पोराचा ओठ फुटला होता. बनियन फाटून खांद्यावरून लोंबत होता. छबुबाई मधे पडली, तर तिलाही भिंतीवर ढकललं. तिच्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त येत होतं.

सटवा आत शिरला आणि गहिनीनाथचा हात धरला. "सोड त्याला. चल माझ्यासंगं. पेटी माघारी आणायची हाय, आत्ताच्या आत्ता. तिथं कुणीतरी…"

"दारू पिऊन आला का बे?"

"तुझ्या पाया पडतो, चल."

"टाकलेलं उचलायला मी काय भिकारी हाय?"

तेवढ्यात वीज गेली.

अंधार. चौघांचा श्वास. बाहेर काहीतरी घासत येत होतं… पत्रा. दगडावर पत्रा. दारापाशी येऊन थांबलं.

"बा…"

आवाज उत्तरेश्वरचा. अगदी त्याचा.

"बा, माझं सामान आणलंय. आत घे."

आणि उत्तरेश्वर तर आत होता. सटवाच्या शेजारी. सटवाच्या हाताला त्याचं कोपर लागत होतं. तो हळूच म्हणाला, "काका… मी बोललो न्हाई."

दार करकरलं. चांदण्यात निळा शर्ट दिसला. तो एक पाऊल आत आला.

गहिनीनाथनं कोयता काढला. आदल्याच दिवशी दसऱ्याला पूजलेला, हळदी-कुंकवाचा, नवी धार लावलेला.

"मारू नगंस! त्येच्या अंगात पोराचा शर्ट हाय!" छबुबाई किंचाळली. त्या रात्री ती पहिल्यांदा बोलली. उशीर झाला होता.

एक घाव. खांद्यावर.

दुसरा. मानेपाशी.

तिसरा. पोटात.

उसाच्या बुडख्यावर बसावा तसा कोयता बसत होता. गहिनीनाथला तो बसलेला कळत होता. समोरचा ओरडला नाही. पडला नाही.

मागं उत्तरेश्वर पडला.

सटवानं बॅटरी लावली. दारात कुणी नव्हतं. निळा शर्ट उंबऱ्यावर पडला होता, तीन जागी चिरलेला. त्यावर रक्ताचा एक थेंब नाही. आणि आत, बापापासून दहा हातांवर, पोराचा खांदा उघडा, मान उघडी, पोट उघडं. जमीन भिजत चालली होती. छबुबाई दोन्ही हातांनी जखमा दाबत होती, आणि दोन हात पुरत नव्हते. गहिनीनाथ कोयता धरून नुसता उभा होता. "मी त्याला शिवलोबी न्हाई," म्हणत होता. "मी त्याला शिवलोबी न्हाई…"

पोराला टेम्पोत घातलं, रिकाम्या कॅनांच्या मधे. डोकं आईच्या मांडीवर. बीडचा दवाखाना लांब. अर्ध्या वाटेत त्यानं डोळे उघडले.

"आई," तो म्हणाला, "मीच सांगायला आलतो… एक हंगाम येतो म्हणून. पुस्तकं मामाकडं ठिवणार हुतो… नुसतं इचारायचं तरी."

त्यापुढं फक्त कॅनांचा आवाज. सटवानं नंतर ती नोकरी सोडली. कॅनाचा आवाज आला की तो अजूनही कान झाकतो.

पहाटे तीनला पोलीस गहिनीनाथला घेऊन गेले. शर्टाचं कुणाला काय सांगणार? कोयता बापाच्या हातात, पोरगं मेलेलं. कागदावर तेवढंच आलं, आणि खरं सांगू, तेवढं काही खोटं नव्हतं. माझा त्याच्यावरचा राग आजही गेलेला नाही.

पेटी सकाळी तिच्या कोपऱ्यात होती. झाकण लावलेलं, पुस्तकं ओळीनं, कप पुसलेला. ती तिथं कुणी ठेवली, हे मी विचारत नाही. माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीशी अडतं.

फडावर न्यायचं सामान छबुबाईनं दसऱ्यालाच बोचक्यात बांधलं होतं. काथ्याची दुहेरी गाठ. सकाळी बायकांनी बघितलं, गाठ तशीच, बोचकं तसंच. तासाभरानं गुराखी पळत आला. शिवेवर काहीतरी टाकलंय म्हणाला. आम्ही सगळे गेलो. मीही होतो त्यात, पंडित, या डोळ्यांनी बघितलंय मी.

लिंबाखाली एक गोधडी अंथरलेली होती. उशाला घडी घातलेलं धोतर आणि पटका. छबुबाई वाकली. कडेच्या टाक्यांवरून हात फिरवला.

"माझ्या हातचे टाके हायेत," ती म्हणाली. "ही ह्यांची गोधडी. बोचक्यात तळाला घातलेली."

कुणी उचलली नाही. गहिनीनाथ जिता आहे अजून, जेलमध्ये. गोधडी मात्र तिथंच आहे, आणि उशाजवळ ती कुणी डोकं टेकल्यागत खोलगट दबलेली असते.