काऊ दाखवून पळणारी माणसं

आमच्या घरात माझा भाऊ निषाद नऊ महिन्यांचा आहे आणि मोठी माणसं त्याच्याहून लहान असल्यासारखी वागतात. हे मी, शर्वाणी, वय वर्षे अकरा, पूर्ण विचार करून लिहिते आहे.

झालं असं, की सोमवारपासून आईला कामावर हजर व्हायचं होतं. ती समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करते. सकाळी उडत्या बोटीने जाते, संध्याकाळी येते. बाबांचीही नोकरी, आजोबांचे गुडघे धरलेले. म्हणजे निषादला पाळणाघर हवंच. ते मिळालं नाही तर आई नोकरी सोडणार होती. राजीनाम्याचं पत्र लिहून तयार होतं! पवनचक्कीवर चढलेली आई जितकी खूश असते तितकी इतर कुठेच नसते.

तीन पाळणाघरं पाहून झाली होती. तिन्ही आजोबांनी नापास केली. आजोबा ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे) आहेत, त्यामुळे त्यांना जगातला प्रत्येक प्रश्न कानानेच सोडवायचा असतो. आमचा यंत्रमानव टिपू याला त्यांनी हुकूम सोडला होता, की आई तासभर बाहेर गेली की निषाद किती डेसिबलने (डेसिबल हे आवाज मोजायचं माप) रडतो ते टिपायचं.

"आजोबा, तो तर सगळीकडेच रडतो," मी म्हटलं.

"म्हणजे सगळीच वाईट!" आजोबा म्हणाले. घ्या! म्हणे शास्त्रज्ञ!

खरं कोडं वेगळंच होतं. पाचव्या महिन्यात हाच निषाद कोणाच्याही कडेवर हसत जायचा. मग आताच काय बिनसलं? हल्ली तर खिडकीत नुसता कावळा बसला तरी तो भोकाड पसरायचा. कावळ्याने याचं काय घोडं मारलं होतं?

शनिवारी आम्ही चौथ्या पाळणाघरात गेलो. ते लतिकाताईंचं. तिथेही आमच्या घरचा ठरलेला बेत. बाबांनी निषादला खिडकीशी नेलं आणि "तो बघ काऊ!" म्हटलं. आई चपला हातात घेऊन मागच्या मागे सटकली. निषादने वळून पाहिलं, आई नाही!

"एकशे चार," टिपू म्हणाला.

"नापास," आजोबा म्हणाले.

"कोण? मी की तुम्ही?" लतिकाताईंनी विचारलं आणि निषादला कडेवर घेतलं. त्यांनी त्याला 'गप्प बस, गप्प बस' केलं नाही. नुसत्या थोपटत राहिल्या. तो हुंदके देत शांत झाला, तेव्हा त्यांनी एक खुळखुळा दुपट्याखाली लपवला. निषादने दुपटं ओढून फेकलं आणि खुळखुळा पकडला.

"पाचव्या महिन्यात काय केलं असतं याने?" त्यांनी विचारलं.

मला आठवलं. "चेंडू सोफ्याखाली गेला की विसरूनच जायचा."

"बरोबर. तेव्हा दिसेनासं झालं की त्याच्या लेखी संपलंच. आता त्याला वस्तुसातत्य (दिसत नसलेली गोष्टही कुठेतरी असतेच, ही समज) कळायला लागलंय. खुळखुळा दुपट्याखाली आहे, तर ओढून काढता येतो. आई कुठेतरी आहे, पण कुठून ओढून काढायची? मग रडेल नाहीतर काय करेल? बाळ बिघडलेलं नाही हो, हुशार झालंय."

मग माझ्या डोक्यात कावळा आला. "टिपू, रडायच्या आधी कोण काय बोललं, याची नोंद आहे?"

"आहे. नऊपैकी नऊ वेळा 'तो बघ काऊ'."

"अरे, मग आधी का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलं नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. याला साहचर्य म्हणतात (दोन गोष्टी सारख्या एकापाठोपाठ घडल्या की मेंदू त्यांची गाठ मारतो). काऊ दिसला की आई गायब! कावळा बिचारा फुकट बदनाम झाला होता.

"आजोबा, तुमचं मापच चुकलंय," मी म्हटलं. "किती जोरात रडतो ते नको. कोणाकडे, किती वेळात थांबतो ते बघा."

टिपूने नोंदी काढल्या. पहिल्या पाळणाघरात चाळीस मिनिटं, त्याला कोणी उचललंच नव्हतं. इथे सहा. आजोबांनी मिशा ओढत सगळे आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाले, "हं. नापास मीच."

आई परत आल्यावर लतिकाताईंनी तिला नीटच सुनावलं. "घरातून निघताना मोठ्यांना 'येते' म्हणता ना? मग याचाच डोळा का चुकवता?"

"पण त्याला काय कळतंय?" बाबा म्हणाले.

"शब्द नाही कळणार. पण सांगून गेलात आणि दरवेळी परत आलात, तर तीही गाठ बसेल."

रविवारभर आमच्या दारात एकच खेळ चालला. 'येते हं,' दोन मिनिटं. 'येते हं,' पाच मिनिटं. शेजारच्यांना वाटलं, आई किल्ली विसरते आहे.

सोमवारी पाळणाघराच्या दारात आई गुडघ्यांवर बसली. "निषाद, येते हं मी." तो रडलाच.

"निषादचं रडणं, चार मिनिटं," टिपूने थोड्या वेळाने सांगितलं. "आई फाटकाबाहेर, अकरा मिनिटं. अजून चालू."

संध्याकाळी आई त्याला न्यायला आली. केस खाऱ्या वाऱ्याने ताठ, चेहरा उजळलेला. तिच्या चपलांचा आवाज ऐकून निषाद रांगत दारापाशी गेला आणि त्याने स्वतःच दाराचा पडदा ओढला. आई होती!

राजीनाम्याचं पत्र आम्ही त्यालाच खेळायला दिलं. अर्धं त्याने खाल्लं.

मोठी झाले की मी चंद्रावरच्या दुर्बिणी दुरुस्त करायला जाणार आहे. तो विषय काढला की आजोबा लगेच म्हणतात, "ते जाऊ दे, आधी लाडू खा." हा त्यांचा माझ्यासाठीचा काऊ! पण मला सगळं कळतं. त्या दिवशी मी दारात उभी राहून त्यांना सांगणार आहे, "आजोबा, येते हं." आणि येणार आहे.