घाट म्हणजे कोणता घाट?

ती लाल, बुटकी, दोन दारांची गाडी शिनोलीच्या रस्त्याने ढकलत ढकलत गॅरेजसमोर आली, तेव्हा हर्षाली एका पिकअपखालून बाहेर सरकत होती. चैत्रातली दुपार. तिच्या अंगात त्राण नव्हतं, आणि गाडीमागे उभा असलेला माणूस तर तिच्याहून दमलेला दिसत होता.

"ओढून का नाय आणली, पावणं?"

"ओढायला कुणी थांबेना... फोटो काढायला मात्र सगळे थांबले."

हर्षालीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत यायचा कंटाळा करून परत गेलं. तिने वाकून वास घेतला. करपलेला, उग्र.

"क्लच जळालाय. इंजिन बोंबलतंय आन् गाडी जागची हालत नाय, आसंच होत व्हतं ना?"

"अगदी असंच," तो म्हणाला. "माझंही हल्ली असंच होतं."

आता मात्र तिने मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं, सदऱ्याच्या बाहीला खडूची भुकटी. राजुरीचा सार्थक. घोडेगावात खोली घेऊन राहणारा, वरच्या डोंगरातल्या शाळेवरचा मास्तर. गाडी त्याच्या चुलत्यांची. हौसेला मोल नाही म्हणून घेतली खरी, पण कंबर धरल्यावर त्यांना तीत वाकून बसता येईना, म्हणून पुतण्याच्या गळ्यात आली.

गिअरबॉक्स उतरवल्यावर कळलं, नुसत्या क्लच प्लेटवर भागणार नव्हतं. ती प्लेट ज्यावर टेकते ते इंजिनमागचं चाक, फ्लायव्हील, तापून निळं पडलं होतं आणि त्याला बारीक चिराही गेल्या होत्या.

"ह्याच्यात दोन जाती मिळत्यात," ती म्हणाली. "हलकं घेतलं तर इंजिन झटक्यात उठतं. जड घेतलं तर सावकाश उठतं, पण दम धरतं. तुमाला गाडी कुठं पळवायची असती?"

"घाटात."

"व्हय... वाटलंच मला."

हर्षालीचं आजोळ निरगुडसरचं. मामाच्या दावणीला शर्यतीचे बैल. त्या घरात घाट म्हणजे एकच, यात्रेत बैलगाडे पळतात तो. गाडा किती सेकंदात गेला, याच्यावर तिथे जेवणं लांबतात. आता यात्रा तोंडावर आलेल्या. मास्तर शाळेला एसटीने जात असणार आणि ही लाल बया घाटात पळवून मिरवायला ठेवली असणार, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं. एकेकाला नाद असतो, मास्तर झाला म्हणून काय झालं!

"मग कोणतं घालू?"

"तुम्हीच ठरवा ना. मला त्यातलं कळत नाही."

एवढं साधं वाक्य, पण ते तिच्या काळजाला जाऊन लागलं. तू ठरव, असं तिला कितीतरी दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. तिने हलकं फ्लायव्हील मागवलं.

पुण्याहून सामान येईपर्यंत शाळा सुटली की सार्थक रोज गॅरेजवर यायचा. कामाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पाना मागितला की पक्कड द्यायचा. पण तिचा चहा गार झालेला दिसला की न बोलता दुसरा सांगायचा, आणि ती गाडीखाली असली की बॅटरीचा उजेड अचूक तिच्या हातांवर धरायचा... कधीकधी चुकून तोंडावर.

"उजेड खाली, सर."

"सॉरी... नजर चुकली."

"नजर नाय चुकली. बॅटरी चुकली."

मग तिनेच, बोल्ट पिळता पिळता, सांगून टाकलं, "रविवारी पावणं येणार हायेत."

"गाडी दाखवायला?"

"मला बघायला."

उजेड बोल्टवरून घसरून जमिनीवर गेला.

"चौथं स्थळ हाय. समद्यांना मी पसंत पडते, पण गॅरेज नाय. लग्नानंतर हे बंद करायचं, म्हणत्यात. आबांचा, म्हंजी वडलांचा, मणका गेल्यापास्नं मीच उभं केलंय हे."

"मग... नाही म्हणा."

"नाय म्हणून म्हणूनच दमले ओ. ह्या खेपेला हो म्हणून टाकणार."

त्याने उजेड परत बोल्टवर आणला, आणि तिलाच उगाच त्याचा राग आला.

शुक्रवारी गाडी तयार झाली. चाचणीला दोघं निघाले. सपाटीवर गाडी अशी सुटली की हर्षालीचा शीण पार उतरला. चढाला लागल्यावर सार्थकने गाडी मध्येच थांबवली. पुन्हा निघताना क्लच सोडला, आणि इंजिन बंद! पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मागे दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून थकला.

"भर चढावर कशाला थांबताय पण?"

"रोज थांबावं लागतं. कुशाबाई इथून बसतात. शाळेत खिचडी शिजवतात त्या. मांडीवर मोठं पातेलं घेऊन... पाय दुखतात त्यांचे."

"ह्या गाडीत? पातेलं घेऊन?"

"मग! तुम्हाला सांगितलं होतं की, गाडी घाटात चालवायची म्हणून."

"हा घाट व्हय?" तिने कपाळावर हात मारला. "मला वाटलं, गाड्याचा घाट! यात्रेतला!"

"म्हणजे मी बैलांबरोबर पळणार होतो?"

हर्षाली हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पोट धरून. कितीतरी दिवसांचं साठलेलं हसू असावं ते. सार्थक तिच्याकडे बघतच राहिला.

"माझी चूक," ती डोळे पुसत म्हणाली. "जड फ्लायव्हील मागवते. समदं परत उतरवावं लागंल. रविवारच्या आत नाय व्हायचं, आन् त्यानंतर..."

त्यानंतर काय, ते दोघांनाही माहीत होतं. टेम्पो केव्हाच बाजूने निघून गेला होता.

"हर्षाली," तो पहिल्यांदाच नावाने बोलला. "मला तुम्ही आवडता. गॅरेजसकट. पण लगेच उत्तर नको. एवढंच सांगतो, दमलाय म्हणून कुणाला हो म्हणू नका. मलासुद्धा."

गाडी उताराला वळवून, इंजिन बंद ठेवूनच, ते खाली आले.

संध्याकाळी आबा अंगणातल्या खाटेवर पडले होते. ती त्यांच्या पायथ्याशी बसली.

"आबा, रविवारच्या पावण्यांना फोन लावा. येऊ नका म्हणावं."

"आता कारण काय सांगू, पोरी?"

"खरं तेच सांगा. गॅरेज सुटत नाय म्हणावं."

आबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मलाबी तेच वाटत व्हतं. पर तू दमलेली दिसायचीस, म्हणून बोललो नाय." आणि त्यांनी उशाचा मोबाईल ओढला.

त्या रात्री तिला गाढ झोप लागली. सकाळी आंघोळ करून, केस मोकळे सोडून, गरम चहाचा कप शेजारी ठेवून तिने सार्थकला फोन लावला.

"सर, उठलात?"

"हो... काय झालं?"

"काय नाय. झोप झाली माझी. आता बिलकूल दमलेली नाय मी." तिने चहाचा घोट घेतला. "हो म्हणायला फोन केलाय."